वाचनालयाचा जुना डिजिटल ऐवज: कशावर ठेवावा, कोणाच्या हाती ठेवावा?

कार्यवाह, तालुका वाचनालय (रत्नागिरी जिल्हा)

नमस्कार.

आमचे सार्वजनिक वाचनालय 'ब' वर्गाचे आहे. गेल्या तीन दशकांत संस्थेकडे जो डिजिटल ऐवज साठला आहे, तो एकत्र करून पुढच्या कार्यकारिणीच्या हाती सुस्थितीत देण्याची व्यवस्था लावावी, असे काम यंदा माझ्याकडे आले आहे. १९९६ पासून आम्ही दिवाळी अंक काढतो. सुरुवातीच्या अंकांचा मजकूर साडेतीन इंची फ्लॉपींवर, मधल्या वर्षांचा सीडींवर आणि अलीकडचा संगणकात आहे. वार्षिक व्याख्यानमालेच्या कॅसेटींवरून कोणी एका सभासदाने एमपीथ्री करून दिल्या होत्या, त्या एका पेनड्राइव्हवर आहेत. मूळ कॅसेटी माळ्यावर असून काहींना बुरशी लागलेली दिसते. याशिवाय सभासदांची नोंदवही एक्सेलमध्ये आहे आणि तिच्यासोबत प्रत्येकाच्या आधार कार्डाची स्कॅन केलेली प्रत आहे.

सध्या यातले जेवढे उघडले तेवढे सर्व २ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर उतरवले आहे. ती डिस्क ग्रंथपालांच्या संगणकाला जोडलेलीच असते आणि तेच सर्व गूगल ड्राइव्हवर आपोआप चढते. ते खाते पूर्वीच्या कार्यवाहांनी उघडले होते.

सर्वाधिक टिकणारे माध्यम कोणते, आणि गूगलवर प्रत असताना आणखी काही करण्याची आवश्यकता आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे. जुन्या अंकांच्या काही फाइली उघडतात, परंतु देवनागरीऐवजी स्वरचिन्हे लावलेल्या रोमन अक्षरांचा खच दिसतो. त्यावर उपाय आहे का? आणि हे सर्व पासवर्डने बंद करून ठेवावे, असे एका तरुण सभासदाचे म्हणणे आहे, त्याविषयीही मत हवे आहे. संस्थेचे उत्पन्न म्हणजे वर्गणी आणि शासकीय अनुदान, त्यामुळे खर्चाला मर्यादा आहे.

साठवणुकीच्या कामातला, पुणे

आपल्या प्रश्नाचा रोख माध्यमावर आहे, तो थोडा बदलावा असे सुचवतो. एकदा लिहून कपाटात ठेवले आणि तीस वर्षांनी निर्धास्तपणे काढले, असे माध्यम तुमच्या अंदाजपत्रकात बसणारे नाही. प्रती किती आहेत, त्या एकमेकींपासून किती दूर आहेत आणि त्या शेवटच्या कधी तपासल्या, हे प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत.

तरीही माध्यमांविषयी थोडे सांगतो, कारण काम कोणापासून सुरू करायचे ते त्यावर ठरते. घरी लिहिलेल्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात असते. त्यावर धातूचा परावर्तक पापुद्रा आणि लाखेचा पातळ लेप, एवढेच संरक्षण लेबलाच्या बाजूला असते. म्हणून चकचकीत बाजूपेक्षा लेबलाच्या बाजूचा ओरखडा अधिक घातक ठरतो. दमट हवेत तो पापुद्रा गंजतो, आणि कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसाविषयी आपणास मी सांगायला नको. पेनड्राइव्ह आणि एसएसडी (फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) यांत माहिती म्हणजे पेशींत अडकवलेला विद्युतभार असतो आणि तो हळूहळू झिरपतो. लेखनाचे ठरलेले आयुष्य पूर्ण वापरून झालेल्या एसएसडीने वीजजोडणीविना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच अपेक्षा चिप उद्योगाची मानके ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेच्या मानकात सामान्य ग्राहकाच्या एसएसडीकडून ठेवलेली आहे. नवी एसएसडी याहून पुष्कळ अधिक काळ टिकते, परंतु फुकट वाटलेल्या पेनड्राइव्हमध्ये कोणत्या प्रतीची चिप आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा व्याख्यानांचा पेनड्राइव्ह आणि सीडी यांना पहिला हात लावा. हार्ड डिस्क मोठ्या साठ्यासाठी आजही सर्वांत स्वस्त आहे. बॅकब्लेझ ही ऑनलाइन साठवणूक पुरवणारी कंपनी आपल्याकडील सुमारे ३ लाख डिस्कांची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करते, आणि त्यांतील दीड टक्क्याच्या आसपास डिस्का दर वर्षी निकामी होतात. हे प्रमाण कमी वाटते, पण आपली एकुलती एक डिस्क त्यात सापडली की टक्केवारीला काही अर्थ उरत नाही.

आता तुमच्या सध्याच्या व्यवस्थेविषयी. सतत जोडलेली डिस्क आणि आपोआप चढणारे गूगल ड्राइव्ह ही दोन प्रतींसारखी दिसणारी एकच प्रत आहे. ग्रंथपालांच्या संगणकावर कोणी चुकून फोल्डर पुसले, तर तो पुसण्याचा आदेशही तितक्याच तत्परतेने वर पोहोचतो. तिथल्या कचरापेटीतून ते ३० दिवसांत परत आणता येते, परंतु दिवाळीत पुसलेले शिमग्याला लक्षात आले तर काय करणार? खंडणी मागणारा विषाणू आला, तर तोही जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींना कुलूप लावून त्या उघडेनाशा करतो.

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या अशाच एका विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे कामकाज बंद पाडले. न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाचे टर्मिनलही त्यात ठप्प झाले होते. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे ही माहिती सांभाळणारे त्यांचे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांशी सतत ताळमेळ राखत असत आणि एक पडला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. सगळेच एकदम पुसले जातील हे त्या हिशेबात धरलेले नव्हते. अखेर घानामधील एक सर्व्हर शाबूत सापडला, कारण हल्ल्यापूर्वी तिथली वीज गेल्यामुळे तो बंद पडला होता. कोकणातल्या मंडळींना वीजमंडळाविषयी कृतज्ञता वाटावी असा हा दुर्मीळ प्रसंग असेल.

म्हणून एक डिस्क अशी हवी, की जी जोडलेली नाही आणि त्या इमारतीतही नाही. दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या डिस्का घ्या. एक वाचनालयाच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात आणि दुसरी मुंबई-पुण्याकडे राहणाऱ्या विश्वासू सभासदाच्या घरी ठेवा. वर्षातून दोनदा त्या जोडून तपासा. तपासणी म्हणजे फोल्डर उघडून नावे पाहणे नव्हे. प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ ठसा काढणारी मोफत साधने मिळतात. फाइलमधील एक बिट जरी बदलला, तरी हा ६४ अक्षरांचा ठसा पूर्णपणे बदलतो. ठशांची यादी आज करून ठेवली, तर दोन प्रतींत फरक पडल्यास खराब कोणती झाली, हे पुढे ठामपणे सांगता येते.

आणि प्रत परत उतरवून पाहा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचे काम साठवून देणाऱ्या कंपनीमध्ये एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले, आणि मग लक्षात आले की, बॅकअपच्या पाच व्यवस्थांपैकी एकही भरवशाची चालत नव्हती. एक तर कित्येक दिवस अपयशी होत होती आणि तशी सूचना देणारे ईमेल पोहोचतच नव्हते. त्याच अभियंत्याने सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली प्रत हाताशी होती, म्हणून ते वाचले. हे सर्व त्यांनी स्वतः जगाला लिहून सांगितले, ही त्या धंद्यातली एक चांगली रीत आहे. आपल्याकडे असे काही घडले की 'तांत्रिक अडचण' एवढ्या दोन शब्दांत ते मिटवले जाते.

माजी डीटीपी चालक, सांगली

वरील प्रतिसाद माध्यमापुरता उत्तम आहे, परंतु जी फाइल आज कोणालाच वाचता येत नाही, तिच्या तीन प्रती केल्या तरी न वाचता येणाऱ्या तीन फाइली होतील, एवढेच. म्हणून रोमन अक्षरांच्या खचाविषयी लिहितो. १९९४ पासून मी पेजमेकर या पाने लावण्याच्या सॉफ्टवेअरवर दिवाळी अंक लावत होतो.

त्या काळी संगणकाला देवनागरी ठाऊक नव्हती. जगातल्या सर्व लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकाच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती खरी, पण विंडोजमध्ये ती विंडोज २००० पासून आली, आणि छापखान्यापर्यंत पोहोचायला त्यापुढेही बरीच वर्षे गेली. तोवर श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअरे रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवून काम भागवत. फाइलमध्ये साठलेला असतो तो त्या घराचा क्रमांक. योगेश किंवा सुरेख हा फॉन्ट संगणकात असेल तर तिथे मराठी दिसते, नसेल तर तुम्हाला दिसतो तो खच दिसतो. माहिती खराब झालेली नाही, तिची किल्ली हरवली आहे. त्यातली बरीच सॉफ्टवेअरे संगणकाच्या मागच्या पोर्टला एक कुलूप जोडल्याशिवाय चालत नसत, त्यामुळे जुनी सीडी सापडली तरी ते कुलूप सापडेलच असे नाही.

युनिकोडमध्ये रूपांतर करणारे मोफत कन्व्हर्टर आहेत, पण डोळे मिटून त्यांवर विसंबू नका. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जात, म्हणजे 'कि' लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. युनिकोडमध्ये आधी क येतो. रफाराचे नेमके उलटे आहे: जुन्या पद्धतीत तो अक्षर आणि त्याचा काना यांच्याही नंतर येतो, तर युनिकोडमध्ये सर्वांत आधी. 'ख' किंवा 'ण' यांचा अर्धा तुकडा वेगळा आणि काना वेगळा असतो. हे सर्व पुन्हा जुळवताना 'वाऱ्यावर', 'तऱ्हा' अशा शब्दांतील अर्धा र हमखास बिघडतो. शिवाय श्रीलिपीच्याच निरनिराळ्या आवृत्त्यांची मांडणी वेगवेगळी होती, म्हणून १९९८ च्या अंकाला चाललेला कन्व्हर्टर २००४ च्या अंकाला चालेलच असे नाही. रूपांतरानंतर एका माणसाने बसून मुद्रिते तपासावीत तसा मजकूर वाचावा लागतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे. तिच्या फाइली पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या जुन्या आवृत्त्या उघडत असत, नव्या उघडत नाहीत.

परंतु एवढा खटाटोप करण्याआधी स्वतःला विचारा की, छापील अंक आपल्याकडे आहेत का. वाचनालय आहे, तेव्हा असणारच. मग खरा अंक तोच आहे, आणि याचे कारण आजच्या पिढीला सहसा ठाऊक नसते. आम्ही पानांची लेझर प्रिंट ट्रेसिंग पेपरवर काढून छापखान्यात देत असू. रात्री अकरा वाजता संपादकांना चूक सापडली, तर संपूर्ण पान पुन्हा काढण्याऐवजी तेवढी ओळ वेगळी छापून कटरने कापून ट्रेसिंगवर चिकटवत असू. ती दुरुस्ती फाइलमध्ये कधी गेलीच नाही. काही जाहिराती आणि रेखाचित्रे तर फाइलमध्ये नसतच, त्यांच्यासाठी रिकामी चौकट सोडलेली असे. म्हणजे फ्लॉपीवर आहे तो अंकाचा कच्चा खर्डा, वाचकांच्या हाती पडलेला अंक नव्हे.

तेव्हा प्रत्येक अंकाची चांगली प्रत घेऊन ती ३०० डीपीआयने स्कॅन करा आणि पीडीएफ/ए या प्रकारात ठेवा. हा प्रकार दीर्घकाळच्या जतनासाठीच २००५ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने मानक म्हणून मान्य केला असून, त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असावा लागतो. शोध घेता यावा म्हणून टेसरॅक्टसारखे मराठी ओळखणारे मोफत ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे वाचून त्यांचा मजकूर करणारे साधन, चालवा. माझ्या अनुभवात स्वच्छ छपाईवर त्याचा निकाल कन्व्हर्टरइतकाच, कधीकधी त्याहून बरा येतो. फ्लॉपी फेकू नका, त्या जशाच्या तशा एकदा उतरवून ठेवा, पण त्यांच्यामागे वर्ष घालवू नका.

ते वर्ष कॅसेटींना द्या. व्याख्यानांची छापील प्रत कोठेही नाही. कॅसेटी अजून माळ्यावर आहेत तोवर एमपीथ्रीवर समाधान मानण्याचे कारण नाही, कारण एमपीथ्री करताना आवाजातला काही भाग कायमचा गाळलेला असतो. बुरशी लागलेली कॅसेट मात्र घरच्या टेपवर लावू नका. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी लागते, नाही तर टेपचे हेड खराब होऊन तीच बुरशी पुढच्या कॅसेटीला लागते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशा वेव्ह फाइली कराव्यात. एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते, म्हणजे तुमच्या २ टीबीमध्ये सारी व्याख्यानमाला सहज मावेल.

एक वाचक, डोंबिवली

स्कॅन केलेले अंक इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथालयावर चढवून मोकळे व्हा, असे माझे सरळ मत आहे. १९९६ पासून ती संस्था हेच काम करीत आहे आणि तिला शुल्क द्यावे लागत नाही. मुख्य म्हणजे ज्या गोष्टीच्या प्रती शंभर लोकांनी स्वतःकडे उतरवून घेतल्या आहेत, ती नाहीशी होणे कठीण असते. डब्यात सिलिका जेल घालून ठेवलेला अंक वाचणार कोण?

साठवणुकीच्या कामातला, पुणे

चढवावेतच, पण मोकळे होऊ नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच संस्थेवर हल्ला झाला, तिच्या ३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती चोरीला गेली आणि संकेतस्थळ काही दिवस बंद होते. साठवलेली पुस्तके सुरक्षित राहिली, हे खरे. हक्कांचाही प्रश्न आहे. दिवाळी अंकातील कथा-कविता सहसा लेखकाच्याच मालकीच्या राहतात आणि आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे तो हक्क चालतो. हयात लेखकांना किंवा वारसांना एक पत्र लिहावे; बहुतेकजण आनंदाने होकार देतील असे वाटते.

कार्यवाह, तालुका वाचनालय (रत्नागिरी जिल्हा)

सर्वांचे आभार. कापून चिकटवलेल्या ओळींची गोष्ट आमच्या ज्येष्ठ संपादकांना विचारली, तेव्हा त्यांनी हसून १९९९ च्या अंकातील एक संपूर्ण कविता अशीच ऐनवेळी बदलल्याचे सांगितले. फ्लॉपीत जुनी कविता निघेल, छापील अंकात नवी आहे. तेव्हा स्कॅनिंग आधी आणि कॅसेटींसाठी वेगळी तरतूद, असा ठराव पुढच्या सभेत मांडतो.

पासवर्डचा प्रश्न मात्र राहिला. सध्या गूगल खात्याचा पासवर्ड ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात एका चिठ्ठीवर लिहिलेला आहे, आणि ते फार धोक्याचे असल्याचे तरुण सभासदाचे म्हणणे आहे. नव्या संगणकावरून प्रवेश करायचा झाल्यास ओटीपी पूर्वीच्या कार्यवाहांच्या मोबाइलवर जातो. ते आता ठाण्यास असतात.

माहिती-सुरक्षा परीक्षक, बंगळूर

खणातल्या चिठ्ठीने मी मुळीच अस्वस्थ झाले नाही, मात्र ठाण्याच्या मोबाइलने झाले. तुमच्या खात्यावर डोळा ठेवणारा चोर खणापर्यंत येत नाही, तो हजारो मैलांवरून चोरीच्या पासवर्डांच्या याद्या एकामागून एक लावून पाहत असतो. त्याच्यासाठी पासवर्ड लांब हवा आणि अन्य कोठेही वापरलेला नको, आणि असा पासवर्ड कागदावर लिहून कुलपात ठेवणे पूर्णपणे मान्य आहे. दर तीन महिन्यांनी तो बदलण्याचा आग्रह सोडून द्यावा, असे निस्ट या अमेरिकन मानक संस्थेने २०१७ मध्येच सांगितले, कारण सक्तीने बदलायला लावले की लोक शेवटचा १ काढून २ घालतात. आपल्याकडच्या अनेक कार्यालयांत ती सक्ती अजूनही शिस्त म्हणून मिरवली जाते.

मोबाइल क्रमांकाचे तसे नाही. आपल्याकडे बंद झालेला क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. ते गृहस्थ कितीही सज्जन असले तरी त्यांनी सिम बदलले, की संस्थेच्या तीस वर्षांच्या ऐवजाची चावी अनोळखी माणसाच्या खिशात जाते, किंवा कोणाच्याच खिशात राहत नाही. शिवाय दोन वर्षे कोणी न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. ते हयात आणि संपर्कात आहेत तोवर, म्हणजे याच आठवड्यात, त्यांच्या मदतीने संस्थेच्या नावाचा क्रमांक आणि दुसरा ईमेल त्या खात्याला जोडून घ्या. एकदाच चालणारे जे राखीव संकेतांक गूगल देते, ते छापून बंद लिफाफ्यात अध्यक्षांच्या ताब्यात द्या आणि सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद करा. संगणकाच्या जगात या शेवटच्या गोष्टीला कोणी सुरक्षा म्हणत नाही, परंतु आपल्या संस्था इतिवृत्तावरच चालतात.

आता कुलूप कशाला लावायचे ते पाहू. दिवाळी अंक आणि व्याख्याने ही लोकांपर्यंत पोहोचावीत म्हणूनच निर्माण झाली, त्यांना कुलूप लावून तुम्ही फक्त पुढच्या कार्यवाहाला बाहेर ठेवाल. सभासदांची नोंदवही मात्र बंद हवी. ती जुन्या एक्सएलएस प्रकारात असेल तर तिचा पासवर्ड फारसा उपयोगाचा नाही, त्या काळचे कूटलेखन आज सहज फुटते. नव्या एक्सएलएसएक्स प्रकारात साठवून लांब पासवर्ड दिला तर ती बरीच सुरक्षित राहते. तो पासवर्डही त्याच लिफाफ्यात ठेवावा.

आधार कार्डांच्या प्रतींविषयी तर मी म्हणेन की, त्या ठेवूच नका. पुस्तक घरी नेणाऱ्या सभासदाचा पत्ता पडताळून झाला की त्या प्रतीचे काम संपते. पुढे कोणी मागितलीच, तर केवळ शेवटचे ४ अंक दाखवणारे मास्क केलेले आधार चालवून घ्यावे. जे आपल्यापाशी नाही ते आपल्याकडून चोरीला जात नाही. पुसताना गूगल ड्राइव्हची कचरापेटी, दोन्ही डिस्का आणि तो जुना पेनड्राइव्ह, सर्व ठिकाणांहून पुसा, आणि ज्या सभासदांनी त्या प्रती व्हॉट्सॅपवर पाठवल्या होत्या, त्यांची संभाषणे ग्रंथपालांच्या फोनवरूनही काढा.

माजी डीटीपी चालक, सांगली

१९९९ च्या अंकातील जुनी कविता फ्लॉपीत खरोखर असेल, तर माझे आधीचे मत त्या एका फ्लॉपीपुरते मागे घेतो. ती उतरवण्यासारखी आहे. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. फ्लॉपी आत घालण्यापूर्वी तिच्या कोपऱ्यातील खिट्टी सरकवून छिद्र उघडे करा, म्हणजे तिच्यावर चुकूनही काही लिहिले जाणार नाही. धातूची पट्टी बाजूला करून आतल्या चकतीवर पांढरे ठिपके आहेत का तेही पाहा. ठिपके दिसल्यास ती लावू नका, बाजूला ठेवा. मे महिन्यात मी गुहागरला येणार आहे, तेव्हा माझा ड्राइव्ह आणि त्या वर्षांचे फॉन्ट घेऊन वाचनालयात येऊ शकेन. सोमवारी वाचनालय बंद असते का, तेवढे कळवावे.